एका टोपलीभोवतीची वकिली

अक्का, कोपऱ्यावरच्या गाडीवाल्यानं आज मला न विचारताच शेंगा मापल्या. मी नको म्हणेपर्यंत पिशवीत ओतल्यासुद्धा. "अक्कांच्या घरी ना?" म्हणाला. त्याला तुमचं अजून कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. पिशवी घेऊन तुमच्या फाटकापर्यंत आले आणि तिथं नारळाखाली नुसती उभी राहिले. बसवनगुडीतली थंडीची दुपार. ऊन असतं, पण अंगावर येत नाही, आपलं बाजूला उभं राहतं. त्या उन्हात पिशवीतल्या अवरेच्या शेंगांचा तो तेलकट हिरवा वास येत होता. क्षणभर खरंच वाटलं, आतून तुमचा आवाज येणार, मला कानडीत पोरी म्हणणारा. "पुट्टी, चप्पल बाहेर, कोट खिळ्याला, आणि बस."

आला नाही.

म्हणून आता मीच बोलते. आपल्या दोघींत शेवटचं वाक्य माझं असावं असा माझा हट्ट होता आणि इतक्या वर्षांत तुम्ही तो एकदाही पुरवला नाहीत. आज कोण अडवणार?

वेंकटेशय्या सरांना उत्तर द्यायचं होतं. वनजा आणि सुरेशची बोलणी अर्ध्यावर राहिलीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोघांनी वेगळं व्हायचं ठरलंय. घरात कोण राहणार ते ठरलंय. भांडीसुद्धा वाटून झालीत. राहिलीय ती मुलगी. सुरेशच्या बाजूनं सर बसतात, वनजाच्या बाजूनं तुम्ही बसायचात, आणि आता तुमची खुर्ची रिकामी आहे. सर म्हणाले, "बघ अम्मा, तू बसतेस का? वनजा दुसऱ्या कुणासमोर बोलणार नाही म्हणते. आणि सुरेशच्या भावानं कोर्टासाठी वकील बघून ठेवलाय."

साधा प्रश्न. पण त्या खुर्चीत बसायचं म्हणजे तुमचा शब्द आपल्या तोंडानं द्यायचा. आणि त्या शब्दावरूनच तर मी तुमचं ऑफिस सोडलं होतं.

मी पहिल्यांदा आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल, कारण तुम्ही तो येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगायचात. मी यशवंतपूरची. आप्पा तिथल्या बाजारात हमाल. चिकोडीकडून पोती उचलायला आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. अजून सांगते. सनद मिळाली त्या आठवड्यात काळा कोट शिवून घेतला आणि तो घालूनच तुमच्याकडे आले. बसमध्ये घामानं भिजले, पण काढला नाही. काढला असता तर बसमधल्या लोकांना कसं कळणार?

तुम्ही दार उघडलंत आणि वरपासून खालपर्यंत पाहिलंत.

"अय्यो! कुणाशी भांडायला आलीस गं?"

"तुमच्याकडे काम शिकायला आलेय."

"मग तो कोट आधी खिळ्याला अडकव. ये. शेंगा सोलायला येतात?"

"मी एलएल.बी. आहे," मी म्हणाले.

"असू दे की. त्यानं काही हाताला इजा होत नाही."

लाल गुळगुळीत जमीन, खिडकीशी एक टेबल, चार खुर्च्या आणि मधोमध वेताची टोपली. टोपलीत अवरेच्या शेंगा. आमच्या चिकोडीकडे ह्याला पावटा म्हणतात आणि इतकं कौतुक कुणी करत नाही. मी मनात म्हटलं, वकिलीणबाईंच्या घरी चुकून स्वयंपाकघरातच शिरले. ऑफिस आत कुठंतरी असेल.

ऑफिस तेच होतं. आठवडाभर तरी मला ते खरं वाटत नव्हतं.

तुमची पद्धत अशी होती. नवरा, बायको आणि दोघांचे दोन वकील त्या टेबलाभोवती बसणार. टोपली मध्ये. सुरुवातीलाच दोन्ही वकील नवरा-बायकोसमोर शब्द देणार: हे बोलणं मोडलं, तर आम्ही दोघंही बाजूला. तुमच्या वतीनं कोर्टात उभे राहणार नाही, आमच्या ऑफिसातलं कुणीही राहणार नाही, इथं ऐकलेलं कुठं वापरणार नाही. जमलं, तर परस्पर संमतीचा एकच अर्ज, दोघांच्या सहीचा, आणि तेवढंच काय ते कोर्टाचं तोंड पाहायचं. नाही जमलं, तर दुसरे वकील शोधा. "वकिलाच्या खिशात कोर्ट असलं ना, की तो ऐकतच नाही गं," तुम्ही म्हणायचात. "तो नुसता जमवत बसतो. ह्या वाक्याचा उद्या उपयोग होईल, त्या वाक्याचा परवा. खिसा रिकामा कर, मग कान उघडतात."

सगळं कुटुंब न्यायालय तेव्हा तुम्हाला हसायचं. "शेंगावाली अक्का" हे नाव बार रूममध्ये पडलं, आणि तुम्ही ते ऐकून खूश झालात, ह्याचा मला जास्त राग. पुढं मी कुठंतरी वाचलं की अमेरिकेत एका वकिलानं हेच सुरू केलंय, त्याला नावही दिलंय. धावत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही शेंगेची शीर ओढत म्हणालात, "सरी, बरं. त्यांच्याकडं अवरे मिळतात का?"

टोपलीचं कारण मी विचारलं होतं. "हात रिकामे असले की बोट दाखवायला मोकळे होतात," असं उत्तर मिळालं. एवढंच कारण नव्हतं, हे मी हळूहळू पाहिलं. शेंग सोलताना माणूस खाली बघतो. खाली बघत जे बोलता येतं ते डोळ्यांत बघून बोलता येत नाही. आणि मधली थांबणी! कोर्टात कुणी गप्प झालं की आम्ही लगेच झडप घालतो. तुमच्या टेबलावर कुणी गप्प झालं, तर फक्त शेंगा फुटण्याचा आवाज. टक्. टक्. किती तरी वेळ. त्या आवाजात लोक स्वतःशी बोलून परत यायचे.

हंगामाप्रमाणे टोपली बदलायची. थंडीत अवरे. बाहेर भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरली की भुईमूग. उन्हाळ्यात चिंच. आणि ज्या दिवशी कुणीतरी रडणार हे तुम्हाला आधीच समजलेलं असायचं, त्या दिवशी सांबाराचे ते छोटे छोटे कांदे. ते सोलायला बसलं की डोळ्यांना पाणी येणारच, सगळ्यांच्याच येणार, मग कुणाचं कशामुळं ते कुणी विचारत नाही. एक मोठा पोलिस अधिकारी त्या टेबलाशी तासभर कांदे सोलत रडला होता आणि जाताना म्हणाला, "फार तिखट कांदे आहेत, मॅडम." तुम्ही म्हणालात, "हो, ह्या वेळचे तसेच आलेत."

ती इंजिनिअर आणि शाळामास्तरणीची जोडी मला कालपासून सारखी दिसतेय. तो कारखान्यातला, कडक इस्त्रीचा. ती खाली मान घालून बसणारी. दोघांची गाडी कशावर अडली होती? तिच्या सासूबाईंनी दिलेल्या वीणेवर. घर नको, गाडी नको, वीणा हवी. आणि ती दोघांनाही वाजवता येत नव्हती. त्या दिवशी तुम्ही भिजवलेले अवरे ठेवले होते, बोटांत दाबून साल काढायचे. दाबलं की दाणा सुटून उडतो, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण तो होता दिल्लीकडचा. त्यानं रागानं दाबला आणि दाणा उडून थेट वेंकटेशय्या सरांच्या चष्म्यावर. टप्प!

सर हलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्याची नोंद घेतली जावी."

आधी ती हसली. खाली मान घालून बसणारी ती, मान वर करून हसली. मग तो हसला. तुम्ही हसता हसता टेबलावर डोकं टेकलंत. आणि त्या हसण्यातून बाहेर येताना ती म्हणाली, "वीणा त्यांच्या आईंची आहे. त्यांच्याकडेच असू दे. मला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं." दोघं वेगळी झाली. पण ज्या तऱ्हेनं झाली, तसं वेगळं होणं मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्या माहितीतल्या किती तरी जणांनी तसं लग्नसुद्धा केलेलं नाही.

आणि आप्पा! तुमच्याकडे लागून काही महिने झाले होते. आप्पांना लेकीला वकिली करताना बघायचं होतं. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, असे ते बाजारातून थेट तुमच्या फाटकात. आमची बैठक नुकती उठली होती. मी टेबलाशी, सालांच्या ढिगात.

"कोरट कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, इथंच असतं आमचं."

त्यांनी टोपली बघितली. मला बघितलं. परत टोपली. "एवढं शिकवलं ते हे सोलाय? हे तर तुझी आजी न शिकता करत हुती की गं."

मला जमीन दुभंगावी असं झालं. तुम्ही आतून कॉफी घेऊन आलात. "बसा की."

"बाई, ही पोरगी बोलती का नुसती सोलती?"

"बोलती. जरा ज्यास्तच बोलती."

"मग बरं," आप्पा म्हणाले, आणि बसले. त्यांच्या हातांना रिकामं बसायची सवय नाही, त्यामुळं कॉफी संपायच्या आत तेही सोलायला लागले. त्या दिवशी परतताना बसमध्ये मात्र ते गप्प होते. मला कळलं होतं. त्यांना मला उभी बघायची होती. कोट घालून, मोठ्या लोकांसमोर, ताठ उभी. अक्का, मलाही तेच हवं होतं. पहिल्यांदा शिकलेल्या माणसाला आपलं शिकणं दिसावं असं वाटतं. तुमच्या घरात तीन पिढ्या वकील. तुम्हाला कोट खिळ्याला अडकवणं सोपं होतं. हे मी तुम्हाला तोंडावर बोलले होते. तुम्ही म्हणालात, "ते खरं आहे." वाद घालणाऱ्या माणसाला असं उत्तर देऊ नये. पुढं काही बोलताच येत नाही.

आणि मग कमला.

तिचा एक मुलगा, शाळेच्या चड्डीतला. ती तुमच्या टेबलाशी सगळं बोलली होती. जे आईला सांगितलं नाही तेही. बोलणी जवळजवळ होत आली होती आणि एक दिवस नवरा आलाच नाही. दुसऱ्या वकिलाची नोटीस आली. मुलगा मीच ठेवणार, कोर्टात भेटा. वेंकटेशय्या सर त्या दिवशी येऊन डोकं धरून बसले. त्यांनाही त्यानं काही सांगितलं नव्हतं.

तुम्ही शब्द पाळलात. कमलाला समोर बसवलंत, चांगल्या वकिलांची नावं सांगितलीत, आणि म्हणालात, "आजपासून मी तुझी वकील नाही." तिनं पिशवी उचलली. फाटकापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली. कुठल्या बाजूला वळायचं हेच तिला समजत नव्हतं. मी उठले.

"कुठं?" तुम्ही विचारलंत.

"तिला त्यातल्या एका वकिलापर्यंत सोडून येते."

"बस."

"अक्का, नुसतं सोडून येते."

"तू गेलीस म्हणजे इथलं ऐकलेलं तुझ्याबरोबर गेलं. तिच्या नवऱ्यालाही मी शब्द दिलाय."

"त्यानं तो शब्द लाथाडलाय!"

"त्यानं लाथाडला. मी नाही."

"तुमचा नियम दोघांना सारखा आहे, अक्का. पण ती दोघं सारखी कुठं होती? त्याच्याकडे वकील तयार. तिच्याकडे काय? एक पिशवी."

"नियम नसता तर तो पहिल्या दिवशी ह्या टेबलाशी बसलाच नसता, पुट्टी."

"आणि बसून काय मिळालं तिला?"

टोपलीतली एक शेंग उचललीत, पण सोलली नाहीत. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

महिन्याभरात मी खिळ्यावरचा कोट काढला आणि गेले. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. हे स्मृतिलेखात लिहू नये म्हणतात. पण तुम्ही गेलात म्हणून मी आता तुमचं सगळं पटलं म्हणू लागले, तर तुम्हीच वरून शेंगांची सालं फेकाल.

मी कोर्टात उभी राहिले. चांगली उभी राहिले. आप्पा येऊन बघून गेले, शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन, आणि सगळ्या बाजाराला सांगत सुटले. तुम्हालाही सांगायला आले होते. "आता खरी वकील झाली बघा, बाई." तुम्ही म्हणालात, "होणारच. तुमची पोरगी आहे, ओझं उचलायला भिईल होय?" आप्पा ते वाक्य अजून जपून आहेत. मीही.

तुम्ही मला हाकललं नाहीत, ह्याचं मला फार नवल वाटायचं. मी ऑफिस सोडलं. येणं कुठं सुटलं? कोर्टातून परतताना बस बसवनगुडीला थांबली की पाय आपोआप उतरायचे. तुमचे थोरले भाऊ, अण्णा, कॉफीचा फिल्टर लावायचे, आपण दोघी टोपली मध्ये घेऊन भांडायचो. कमलाचं उदाहरण तुम्ही तुमच्या बाजूनं द्यायचात: बघ, कोर्टात गेल्यावर त्या पोराला किती वर्षं आई-बापाच्या मधल्या बाकावर बसावं लागलं. मी माझ्या बाजूनं द्यायची: बघा, शेवटी मुलगा तिला मिळाला, लढली म्हणून मिळाला. ती एकच बाई आणि आपण दोघी तिला दोन्हीकडून ओढत होतो. हे आपल्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

न बोललेलं एक आहे. उलटतपासणीला उभी राहण्याआधी माझा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप एकमेकांवर दाबतात, जणू मध्ये अवरेचा दाणा आहे. तेवढ्या वेळात समोरच्याचा चेहरा मी नीट बघते. ते तुमचं आहे. मध्यंतरी एकदा तर कोर्टात उभ्या उभ्या काय झालं सांगते. दुपारचं ऊन वरच्या खिडकीतून आत आलं होतं, समोरचा वकील काहीतरी वाचत होता, आणि मला वाटलं की न्यायाधीशांच्या टेबलावर शेंगांचा ढीग आहे. कारकून सोलतोय, पट्टेवाला सोलतोय, ती नवरा-बायको सोलताहेत, कुणाला कसली घाई नाही, सगळ्या दालनात नुसतं टक्, टक्. मी इतकी रमले की माझं नाव दोनदा पुकारावं लागलं. हे तुम्हाला सांगायला त्या संध्याकाळी यायचं होतं. त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला.

तुमच्या घरी नंतर जे झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. लोक येत होते, त्या लाल जमिनीवर भिंतीला टेकून बसत होते, आणि कुणाला हातांचं काय करावं समजत नव्हतं. अशात आप्पा आले. खांद्यावर पोतं. आता त्यांना उचलवत नाही, तरी कुणाला हात लावू दिला नाही. दारात टेकवलं आणि म्हणाले, "बाईंच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं?" अवरे. पोतंभर. अण्णा बघतच राहिले; सुतकाच्या घरात चूल पेटत नाही आणि हा माणूस शेंगा घेऊन आलाय. मी पुढं होऊन काही बोलणार, तोच वेंकटेशय्या सर उठले, पोत्याची सुतळी सोडली आणि तिथंच मांडी घालून बसले.

मग एकेक करून सगळे. तो इंजिनिअर आला होता, केस पिकलेला. ती मास्तरीणही आली होती, वेगळ्या रिक्षातून. त्यानं तिच्याकडे मूठभर शेंगा सरकवल्या, तिनं घेतल्या. तुमच्या टेबलाशी तुटलेली किती घरं त्या जमिनीवर बसली होती, अक्का! कोण कुणाचं आता कुणी नव्हतं, आणि तरी सगळे एकाच पोत्याभोवती. बाहेर नारळाची सावली हलत होती. टक्. टक्. मला वाटलं, ही दुपार अशीच राहू दे, संपू नये. सोललेले दाणे शेजारच्या घरांत वाटले. सगळ्या आळीत त्या रात्री तुमच्या नावाची आमटी झाली असणार.

वनजा आणि सुरेशही होते, दोन टोकांना. मुलगी मध्ये, फ्रॉकच्या ओच्यात दाणे जमवत, इकडून तिकडं फिरत होती.

आणि माझ्याशेजारी येऊन बसली ती कमला. मुलगा फुलपँटीत, ओठांवर मिसरूड. मी तिला विचारलं. इतकी वर्षं आपण तिच्यावरून भांडलो, पण तिला कधी विचारलंच नव्हतं.

"अक्कांवर राग आहे का गं?"

ती शेंग सोलत राहिली. "होता."

"त्यांनी सोडलं म्हणून?"

"नाही हो. सोडणार हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या फाटकाशी मी एकटी उभी होते ना, तेवढ्याचा. कुणी नुसतं नाक्यापर्यंत आलं असतं तरी चाललं असतं." मग म्हणाली, "ह्याच टेबलाशी मी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. ते कोर्टात उपयोगी पडलं. ते त्यांचंच."

एवढंच. आपलं सगळं भांडण त्या बाईनं एका शेंगेत उरकलं. तुम्ही अर्ध्या बरोबर होतात, मीही अर्धी बरोबर होते, आणि उरलेलं त्या फाटकाशी उभं होतं.

म्हणून काल वेंकटेशय्या सरांकडे गेले. म्हटलं, "सर, मी बसते. शब्द देते. मोडलं तर वनजासाठी कोर्टात उभी राहणार नाही. पण माझं एक वाक्य त्यात घालायचं, दोघांच्या समोर."

"काय?"

"मोडलं तर मी तिला नव्या वकिलाच्या दारापर्यंत सोडून येईन. आत जाणार नाही. एक अक्षर बोलणार नाही. पण दारापर्यंत जाईन."

सरांनी चष्मा काढला, पुसला. "मग मलाही सुरेशला सोडायला जावं लागेल."

"जा की."

"माझे गुडघे बघ, अम्मा."

"रिक्षा करा."

सर हसले. मग म्हणाले, "अक्का असती तर ह्या एका वाक्यावर..."

"संध्याकाळपर्यंत भांडली असती."

"आणि शेवटी?"

त्याचं उत्तर मला आलं नाही, अक्का. शेवटी तुम्ही 'सरी' म्हणाला असतात का 'बस' म्हणाला असतात? मी रात्रभर दोन्ही आवाज ऐकून पाहिले. दोन्ही तुमचेच वाटले. तेव्हा हे आता मलाच ठरवावं लागणार, आणि मी ठरवलंय. चुकलं तर माझं. तुम्ही शिकवलेलं आहे म्हणून नाही सांगणार कुणाला.

फाटकाशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. अण्णांनीच दार उघडलं. फिल्टर लावायला आत गेले. टेबल पुसलेलं होतं. टोपली तिथंच. दाराआडच्या खिळ्याला तुमचा कोट होता, कोपरांवर विटलेला. तो काढायला मी हात वर केला आणि खाली घेतला. त्याच्यावरच माझा अडकवला. खिळा जरा वाकलाय, पण धरून आहे.

तुमच्या खुर्चीत मात्र आज बसले नाही. बाजूच्या, माझ्या जुन्या जागेवर बसून गाडीवाल्यानं दिलेल्या शेंगा सोलल्या. सावल्या लांबत गेल्या. अण्णा कॉफी ठेवून गेले, चुकून दोन पेले. दोन्ही मीच प्यायले.

उद्या वनजा आणि सुरेश येतील. उद्या मुलीचं बोलायचं आहे, ती आठवड्यातल्या कुठल्या सकाळी कुणाच्या घरी जागी होणार, ते. वनजा खाली मान घालेल. सुरेश आधी ताठ बसेल. आणि मी पहिल्यांदाच तुमच्या खुर्चीतून त्यांच्याकडे बघेन.

घरी परतताना कोपऱ्यावर पुन्हा थांबले होते. गाडीवाला शेंगा मापायला लागला, मी त्याचा हात धरला. उद्यासाठी अवरे नकोत. सांबाराचे छोटे कांदे घेतलेत, अक्का. लागतील त्याहून जरा जास्तच घेतलेत.